उजवीकडून

इंजिन नसलेल्या गाडीत काहीच लपत नाही.
बाटलीचं सैल झाकण, पर्समधल्या किल्ल्या,
आणि दोन महिन्यांपासून प्रत्येक गतिरोधकावर
उजव्या पुढच्या चाकाजवळून
टक.

जुन्या डिझेलमध्ये ही टक कधीच बुडाली असती,
जोतिबाच्या गर्दीत कुणाच्या चपलेचा अंगठा तुटावा तशी.

शोरूमवाला म्हणाला, आख्खा लोअर आर्म जाणार,
नंबर तीन आठवड्यांनी,
आणि आकडा असा सांगितला
की मी नुसतंच 'बघते' म्हणाले.

घरी अण्णा.
उद्यमनगरात एकतीस वर्षं फेटलिंगला.
कास्टिंगची जादा धार घासता घासता
कान तिथंच ठेवून आले.
कानातलं मशीन शिट्टी मारतं म्हणून फ्रिजवर पडून असतं.
त्यांना टक सांगायची कशी?

वहीत लिहिलं : पुढून आवाज येतोय.
त्यांनी वाचलं, चष्मा खिशात घातला,
मुल्लाणींचा जॅक मागून आणला,
चाक उचलायला लावलं
आणि वर-खाली धरून एकदाच हलवलं.
डोळे मिटून.
"बॉल जॉइंट. दात हलाय लागलाय त्येचा."

पुण्याहून पार्सल आलं त्या रविवारी
मी गाडी बंद केली, चार्जरची वायर गुंडाळली,
नारिंगी केबलकडं बोट करून मान हलवली : हिला हात नाही.
अण्णा दोन पावलं मागं सरले.
यंत्राला भिताना मी त्यांना पहिल्यांदा बघितलं.
मग बॅटरीची कड दाखवली, जॅक हिच्यावर नाही, इकडं.
"एवढं वजन घिऊन फिरतीया व्हय," ते म्हणाले,
"मग सांधं झिजणारच की."
आणि स्वतःचा गुडघा धरून खाली बसले.

नट गंजलेला.
तेल सोडलं, चहा केला, परत तेल सोडलं.
पाना निसटला, माझी दोन बोटं सोलली.
मी हातोडी मारत होते नकलच्या अंगावर,
ते पलीकडून तळहात लावून :
अजून.
अजून.
सुटला.
मला तर नुसती हातोडीच ऐकू येत होती.

नवा आर्म काळाभोर, रबराच्या वासाचा.
बॉल जॉइंट त्यांनी पुरा आवळू दिला,
बुशचे बोल्ट मात्र अर्धेच ठेवायला लावले.
"गाडी आधी खाली टेकू दे. सोताच्या पायावर हुबी ऱ्हाऊ दे.
मग आवळ.
अधांतरी आवळलं की रबर पिळवटतं, लवकर फाटतं."

हे त्यांना माझं लग्न ठरवताना सुचायला हवं होतं.
मी काही बोलले नाही.
बोलले असते तरी.

चाक फळ्यांवर टेकलं. मी आडवी होऊन खाली शिरले.
टॉर्क पाना ठरल्या मापाला क्लिक करतो;
अण्णांचा हात माझ्या मनगटावर होता,
आणि क्लिकच्या बरोबरीनं, क्षणभरही मागं नाही,
"बास."

संध्याकाळी कळंब्याकडं निघालो,
उसाच्या ट्रॉल्यांनी उखडलेल्या रस्त्यानं.
स्टिअरिंग जरा डावीकडं ओढत होतं. ते उद्या, अलाइनमेंटला.
पहिला गतिरोधक. काही नाही.
दुसरा, तिसरा, एक न दिसलेला खड्डा. काही नाही.
फक्त टायर आणि डांबर,
आणि अण्णांचा श्वास, जो मी या गाडीत
आधी कधी ऐकला नव्हता.

टक.

मी ब्रेकच मारला.
अण्णा डॅशबोर्डवर बोटाचं पेर आपटत होते.
"असा हुता व्हय गं त्यो?"

नाही, असा नव्हता.
मी त्यांचा तळहात ओढून घेतला,
सोललेल्या बोटानं
त्यावर वाजवून दाखवला.
त्यांनी मान हलवली. परत, म्हणाले.
मागून ट्रॅक्टरवाला हॉर्न देत होता, जोरात.
मी परत वाजवला.